रूट ठेवलं की बदललं? महाधमनीच्या डिसेक्शनवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एओर्टिक डिसेक्शनबद्दल लिहिलं होतं, म्हणजे महाधमनीचा आतला पापुद्रा अचानक फाटतो आणि रक्त भिंतीच्याच थरांमध्ये घुसून नवीन वाट काढतं तो आजार. त्यात टाईप ए, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या वर चढत्या भागाला धरून झालेलं डिसेक्शन, हे तातडीच्या ऑपरेशनचं काम असतं असं म्हटलं होतं. त्यानंतर आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात, की ऑपरेशनमध्ये रूट, म्हणजे महाधमनीचा हृदयाला लागूनचा बुंधा, ठेवलं ते बरोबर का, नाहीतर रूट काढलं ते बरोबर का. त्यातले काही इथे घेतोय.

प्रश्न: माझे वडील ५८ वर्षांचे. छातीत आणि पाठीत एकदम फाडल्यासारखं दुखायला लागलं, सीटी अँजिओत टाईप ए डिसेक्शन निघालं आणि त्याच रात्री ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले वरचा भाग बदलून ग्राफ्ट (कृत्रिम नळी) टाकलाय, रूट ठेवलंय आणि व्हॉल्व्ह परत टांगून घेतलाय. बाबा आता चालतात फिरतात, पण नात्यातले एक डॉक्टर म्हणाले की बेंटॉल, म्हणजे व्हॉल्व्हसकट पूर्ण रूट बदलायचं ऑपरेशन, करायला हवं होतं, हे काम अर्धवट सोडलंय. तेव्हापासून आईची झोप उडालीये. खरंच अर्धवट आहे का?

उत्तर: नाही. आणि त्या नातेवाईक डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा, पण रात्री टेबलावर छाती उघडल्यावर काय दिसलं ते त्यांनी पाहिलेलं नाहीये, हेही सांगा.

आधी रूट म्हणजे काय ते बघू. महाधमनी हृदयातून जिथे निघते तो सुरुवातीचा फुगीर दोनतीन सेंटिमीटरचा भाग म्हणजे रूट. त्यात तीन खिसे असतात ज्यांना सायनस म्हणतात, आत तीन पडद्यांचा एओर्टिक व्हॉल्व्ह असतो, आणि दोन खिशांतून हृदयाला रक्त देणाऱ्या कोरोनरी धमन्या निघतात. खिसे संपून सरळ नळी सुरू होते तिथे एक कंगोरा असतो, आणि व्हॉल्व्हचे पडदे त्या कंगोऱ्याजवळ जिथे जोडीजोडीने भिंतीला चिकटलेले असतात त्या तीन जागांना कमिशर म्हणतात. टाईप एमध्ये चीर बहुतेक वेळा या कंगोऱ्याच्या थोडी वर पडते आणि मग रक्त थर सोलत पुढे तर जातंच पण मागे खाली रूटमध्येही उतरतं, आणि जास्त करून ज्या खिशातून कोरोनरी निघत नाही तो खिसा सोलला जातो, उजव्या कोरोनरीची बाजू त्याच्या खालोखाल.

आता मजा बघा, म्हणजे मजा कसली, पण सर्जनच्या दृष्टीने सुदैवाची गोष्ट अशी की पडदे स्वतः बहुतेकदा धडधाकट असतात. व्हॉल्व्ह गळतो तो पडदे खराब झाले म्हणून नाही तर कमिशर सुटून खाली लोंबायला लागतात म्हणून. दाराची फळी शाबूत आहे पण चौकट भिंतीतून निसटली, तर दार लागणार नाहीच, पण म्हणून कोणी फळी फेकून देत नाही, चौकट परत भिंतीत बसवतात. तसंच इथे. तिन्ही कमिशरना फेल्टच्या, म्हणजे जाड नमद्यासारख्या कापडाच्या, छोट्या तुकड्यांवर आधार देऊन टाके घालतात, ते वर ओढून मूळच्या उंचीवर भिंतीला परत बांधतात, सुटलेले थर एकमेकांना चिकटवून आत किंवा बाहेरून किंवा दोन्हीकडून फेल्टची पट्टी लावून शिवतात आणि मग त्या कंगोऱ्यावर ग्राफ्टची नळी जोडतात. यालाच तुमच्या सर्जननी व्हॉल्व्ह टांगला असं म्हटलं. बऱ्याच पेशंटमध्ये एवढ्याने गळती जवळजवळ जाते, आणि ती गेली की नाही हे अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर ऑपरेशन टेबलावरच बघून घेतात, घरी पाठवल्यावर नव्हे.

अमेरिकन हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२२ मध्ये महाधमनीच्या आजारांवर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातही हेच आहे. रूट काही प्रमाणातच सोललं असेल आणि पडद्यात मोठा दोष नसेल तर व्हॉल्व्ह बदलण्यापेक्षा परत टांगा, आणि रूट पार उद्ध्वस्त झालं असेल, आधीपासून फुगलेलं असेल किंवा महाधमनीचा आनुवंशिक आजार माहीत असेल तर रूट बदला. म्हणजे वडिलांना जे केलं ते कोणाच्या मनाचा शॉर्टकट नाही, पहिल्या पसंतीचं ऑपरेशन आहे.

मग बेंटॉल सरसकट का नाही करत? करायला हरकत काहीच नव्हती जर फुकट मिळालं असतं. बेंटॉल आणि डी बोनो या लंडनच्या दोघांनी १९६८ मध्ये हे ऑपरेशन छापलं, त्यात नळीलाच कृत्रिम व्हॉल्व्ह जोडलेला असतो, सगळे खिसे कापून काढतात आणि कोरोनरी त्या नळीला परत जोडाव्या लागतात. आज ते बटणासारखी गोल कड ठेवून कापतात आणि नळीला भोक पाडून त्यावर शिवतात. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये हे व्यवस्थित होतं. पण ज्या रात्री कोरोनरीच्या तोंडाचेच थर सुटलेले असतात, भिंत टाका धरत नाही, रक्त गोठण्याची यंत्रणा डिसेक्शनने आणि बायपास मशीनने (हृदय थांबवल्यावर त्याचं काम करणारं यंत्र) आधीच थकलेली असते, त्या रात्री दोन बटणं शिवणं म्हणजे रक्तस्रावाच्या दोन नव्या जागा तयार करणं, आणि हृदय थांबवून ठेवण्याचा वेळ वाढतो तो वेगळाच. त्यातून काही जणांना वरच्या कमानीचंही, म्हणजे महाधमनी वर जाऊन खाली वळते त्या भागाचंही, काम लागतं, त्यासाठी शरीर थंड करून रक्ताभिसरण काही वेळ पूर्ण थांबवायचं, मेंदूला वेगळ्या नळीने रक्त द्यायचं, हे सगळं त्याच बैठकीत.

त्या रात्री माणूस कशाने जातो ते लक्षात घ्या. हृदयाच्या आवरणात रक्त साचून हृदय दाबलं जातं, कोरोनरीचा रक्तपुरवठा तुटतो, व्हॉल्व्ह एकदम गळायला लागून फुफ्फुसात पाणी भरतं, किंवा मेंदूकडे, आतड्याकडे, पायाकडे जाणारं रक्त अडतं. ऑपरेशन या चार गोष्टींसाठी असतं. दहा वर्षांनी रूट किती मोठं होईल हा प्रश्न खरा आहे, पण त्याचा नंबर पाचवा.

आईला एक आकडाही सांगा, आकड्यांनी झोप येते असं नाही पण तरी. रूट ठेवून दुरुस्त केलेल्या पेशंटच्या ज्या मोठ्या मालिका आहेत त्यात दहा वर्षांनंतरही शंभरातल्या नव्वदच्या आसपास लोकांना रूटचं दुसरं ऑपरेशन लागलेलं नसतं. ज्यांना लागतं ते बहुतेक तरुण असतात किंवा ज्यांचं रूट सुरुवातीलाच मोठं होतं असे.

प्रश्न: भाऊ ३४ वर्षांचा, उंच, किडकिडीत, हाताची बोटं लांब. त्याचं डिसेक्शन झालं तेव्हा रूट ५.२ सेंटिमीटर होतं. रूट काढून मेकॅनिकल व्हॉल्व्ह असलेली नळी बसवली. आता आयुष्यभर रक्त पातळ करायची गोळी. नेटवर वाचलं की स्वतःचा व्हॉल्व्ह ठेवून रूट बदलता येतं, डेव्हिड ऑपरेशन म्हणतात. ते का नाही केलं? तेव्हा घाई होती हे मान्य, पण एवढं तरुण पोरगं.

उत्तर: तुमचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर थोडं बोचणारं आहे, कारण इथे सर्जन कोण आणि रात्रीचे किती वाजलेत यावर बरंच अवलंबून असतं.

रूट बदलायलाच हवं होतं यात मला तरी शंका नाही. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून मार्फन या आनुवंशिक आजाराचा संशय कोणालाही येईल, त्यात भिंतीतला फायब्रिलिन नावाचा धागाच सदोष असतो, म्हणजे तो खिसा आज शिवून ठेवला तर उद्या परत फुगणारच. रूट ४.५ सेंटिमीटरच्या वर असेल तर बरेच सर्जन ते ठेवत नाहीत, इथे तर ५.२.

आता व्हॉल्व्हचं. टोरंटोच्या टायरोन डेव्हिड यांनी १९९२ मध्ये ही पद्धत छापली, त्यात खिसे कापून काढायचे, पडदे आणि कमिशर तेवढे ठेवायचे आणि ते सगळं नळीच्या आत बसवून शिवायचं. मार्फनच्या पेशंटला ठरवून करायच्या ऑपरेशनमध्ये हे फार छान चालतं, गोळी नको, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) नको. पण पडद्यांची उंची, ते एकमेकांना कुठे भेटतात, नळी किती जाडीची घ्यायची, हे सगळं डोळ्याने आणि हाताने ठरवायचं असतं आणि ते जमायला ठरवून केलेल्या केसेसचा बराच सराव लागतो. इमर्जन्सीला हात न बसलेल्या सर्जननी हे करायला जाणं आणि शेवटी व्हॉल्व्ह गळतोय म्हणून परत सगळं उघडून बेंटॉल करणं, याच्याइतकं वाईट दुसरं नाही. त्या मार्गदर्शक तत्त्वांतही डिसेक्शनमध्ये हे ऑपरेशन स्थिर पेशंटमध्ये, अनुभवी सर्जननी, अशा अटी घालून 'करून बघायला हरकत नाही' इतपतच म्हटलंय. भावाचं बीपी तेव्हा किती होतं, आवरणात रक्त होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते चांगलं नसेल तर मीसुद्धा बेंटॉलच केलं असतं आणि लवकर बाहेर आलो असतो.

टिश्यू व्हॉल्व्ह, म्हणजे प्राण्याच्या ऊतकापासून केलेला, का नाही, हेही तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. गोळी लागत नाही पण तरुण माणसात तो लवकर खराब होतो, दहा पंधरा वर्षांत, कधी त्याआधीही, आणि मग परत छाती उघडा किंवा मांडीतून त्याच्या आत नवा व्हॉल्व्ह बसवा. म्हणून पन्नाशीच्या आतल्यांना सहसा मेकॅनिकल आणि पासष्टीच्या पुढच्यांना टिश्यू, मधल्यांनी बोलून ठरवायचं. इमर्जन्सीला बोलायला पेशंट शुद्धीवर नसतो हा भाग वेगळा.

भावासाठी व्यवहाराच्या गोष्टी: आयएनआर साधारण २ ते ३ मध्ये, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. दात काढायचा किंवा हिरडीचं काम करायचं तर आधी अँटिबायोटिक, कारण कृत्रिम व्हॉल्व्हला जंतू चिकटतात. जेनेटिक टेस्ट राहिली असेल तर करून घ्या, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन जातीची अँटिबायोटिक कोणी लिहून दिली तर त्यांना डिसेक्शनचं सांगा, या गोळ्यांनी महाधमनी फाटण्याचा धोका वाढू शकतो असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये दिलेला आहे. सर्दी खोकल्याला ही औषधं सर्रास लिहिली जातात, त्यामुळे हे मी प्रत्येक पेशंटला ओरडून सांगतो.

प्रश्न: मी हृदयशस्त्रक्रिया विभागात नर्स आहे. आमच्याकडे दोन सर्जन आहेत, एक शक्यतो रूट ठेवतात, दुसरे जरा शंका आली की बदलतात. दोघंही स्वतःच्या बाजूने अभ्यास दाखवतात. नक्की खरं काय?

उत्तर: दोघांचेही अभ्यास खरे असतील, घोटाळा तुलनेत आहे.

चिठ्ठी टाकून अर्ध्यांचं रूट ठेवा अर्ध्यांचं बदला असा प्रयोग डिसेक्शनमध्ये करणं जवळपास अशक्य, त्यामुळे जे काही आकडे आहेत ते मागे वळून बघितलेले, आणि त्यात कोणाचं रूट बदललं हे सर्जननी बघून ठरवलेलं असतं. बदललेले पेशंट सरासरीने तरुण, रूट मोठं, मार्फनवाले जास्त, गळती जास्त. ठेवलेले पेशंट वयस्कर, इतर आजार जास्त. आता तरुणांचे निकाल चांगले आले तर ते वयाने की ऑपरेशनने? आणि उलटही होतं, ज्याचं रूट चिंधड्या झालंय त्याचं बदलावंच लागतं, तो मुळातच जास्त आजारी, मग बदलण्याच्या गटात मृत्यू जास्त दिसतात आणि लोक म्हणतात बघा बेंटॉल धोक्याचं. सांख्यिकीने जुळवाजुळव करतात, पण ऊतक टाका धरत होतं की नव्हतं हे कुठल्या रकान्यात भरणार? ते फाईलमध्ये नसतंच.

हे सगळं धरूनही जे चित्र राहतं ते असं की अनुभवी हातात पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंमध्ये फार फरक पडत नाही, कमी सराव असलेल्या ठिकाणी मोठं ऑपरेशन महागात पडतं, आणि पुढे जाऊन रूटचं दुसरं ऑपरेशन लागण्याचं प्रमाण ठेवलेल्यांमध्ये जास्त असतं. तुमचे दोन्ही सर्जन कदाचित आपापल्या हाताला ओळखून बरोबर वागत असतील. माझा स्वतःचा कल सांगायचा तर चीर रूटमध्ये शिरली असेल किंवा रूट ४.५ च्या पुढे असेल तर काढा, नाहीतर दुरुस्त करा, आणि एकच खिसा गेला असेल तर पूर्ण रूट न काढता तेवढाच खिसा नळीच्या जिभेने बदला, ही मधली वाट लोक विसरतात आणि ती फार उपयोगी आहे.

एकूण निकाल सुधारलेत हे मात्र निर्विवाद. १९९६ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय डिसेक्शन नोंदवहीत टाईप एच्या ऑपरेशननंतर हॉस्पिटलमध्ये होणारे मृत्यू सुरुवातीच्या वर्षांत २५ टक्के होते ते २०१३ पर्यंत १८ वर आले. आणि पूर्वी आम्हाला शिकवायचे की ऑपरेशन केलं नाही तर दर तासाला एक ते दोन टक्के पेशंट जातात, त्याच नोंदवहीच्या अलीकडच्या आकड्यांत पहिल्या दोन दिवसांत तो वेग तासाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला. कमी आहे, पण म्हणून सकाळपर्यंत थांबू असं कोणी म्हणू नये.

प्रश्न: यांचं तीन वर्षांपूर्वी डिसेक्शनचं ऑपरेशन झालं, रूट ठेवलं होतं आणि गोंद वापरला होता असं डिस्चार्ज कार्डवर आहे. आता इकोत रूट ४.४ आणि 'माइल्ड' गळती आली. परत ऑपरेशन का?

उत्तर: फक्त एवढ्यावर नाही. माइल्ड गळती घेऊन लोक वर्षानुवर्षं जगतात. महत्त्वाचं हे की आधी किती होतं. तीन वर्षांपूर्वी ४.३ असेल तर हे मोजमापातला फरकही असू शकतो, आणि ३.८ असेल तर गंभीरपणे घ्यायचं. त्यामुळे जुन्या सीटीची सीडी घेऊन जा, नुसता रिपोर्ट नको, आणि मोजणाऱ्याला त्याच जागी त्याच पद्धतीने मोजायला सांगा. साधारणपणे ५.५ झाल्यावर, आणि अनुभवी केंद्रात ५ झाल्यावरच, ऑपरेशनचा विचार करतात, आनुवंशिक आजार असेल तर त्याहूनही आधी, आणि वर्षात अर्धा सेंटिमीटर वाढ झाली तर आकडा न बघताच.

गोंदाबद्दल: पूर्वी एक फॉर्मॅलिन असलेला गोंद वापरायचे, त्याने काही जणांच्या भिंतीचं ऊतक मरून तिथे परत थर सुटायचे किंवा खोटा फुगा तयार व्हायचा, म्हणून त्याचं नाव खराब झालं. नंतरचे गोंद वेगळे आहेत, तरी जास्त वापरू नये हे खरं. सीटी करताना टाक्यांच्या जागी बाहेर रक्ताचा खिसा दिसतोय का, हे मुद्दाम बघायला सांगा, इकोत ते सुटू शकतं.

आणि एक गोष्ट जी रूटच्या काळजीत कोणी विचारतच नाही. टाईप एचं ऑपरेशन झाल्यावर बहुतेकांमध्ये कमानीच्या पुढची, पाठीमागून खाली जाणारी महाधमनी थर सुटलेलीच राहते. पुढच्या ऑपरेशनांपैकी बरीच तिथली असतात. म्हणून सीटी छातीपासून जांघेपर्यंत करायचा. पहिल्या वर्षी एक, सहा आणि बारा महिन्यांनी, मग सगळं स्थिर असेल तर वर्षातून एकदा. बीपी १३० च्या खाली, बीटा ब्लॉकर (नाडी आणि बीपी कमी ठेवणारी गोळी) स्वतःच्या मनाने बंद करायचा नाही, वजन उचलताना श्वास रोखून जोर लावायचा नाही, भरपूर चालायला हरकत नाही.

प्रश्न: आईचं वय ७६. सर्जन म्हणाले वय बघून छोटंच ऑपरेशन केलं, रूटला हात लावला नाही. वय झालं म्हणून कमी उपचार केले असं वाटतं.

उत्तर: वाटणं समजू शकतो, पण ७६ व्या वर्षी लहान ऑपरेशन हा कमीपणा नाही, उद्देशच वेगळा असतो. रूट हळूहळू फुगायला लागणारी वर्षं आणि आईसमोरची वर्षं यांचा हिशेब करूनच हे ठरवतात, आणि कमी वेळ मशीनवर राहणं हे त्या वयात मेंदू आणि किडनीसाठी खूप मोलाचं असतं. वयाने ऑपरेशनच नाकारलं असतं तर मी भांडलो असतो. मायकेल डिबेकी, ज्यांच्या नावाने डिसेक्शनचं एक वर्गीकरण आहे आणि ज्यांनी या ऑपरेशनचा पाया घातला, त्यांना स्वतःला हाच आजार झाला आणि २००६ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांच्यावर ऑपरेशन झालं, ते बरे होऊन २००८ पर्यंत जगले.

प्रश्न: घरात एकाला झालं तर बाकीच्यांनी तपासायचं का? मी धाकटा भाऊ, मला काहीच त्रास नाही.

उत्तर: हो, तपासायचं. आईवडील, भावंडं, मुलं, या सगळ्यांनी एकदा इको करून रूट आणि चढती महाधमनी मोजून घ्यावी, नीट दिसत नसेल तर सीटी किंवा एमआरआय. त्रास नसणं याला काही अर्थ नाही, फुगलेली महाधमनी दुखत नाही. ज्याला डिसेक्शन झालंय त्याची जेनेटिक टेस्ट आधी करा, त्यात दोष सापडला तर बाकीच्यांना फक्त तेवढाच दोष शोधायचा असतो, आणि न सापडलेल्या सख्ख्या नातेवाइकाला मग दर वेळी स्कॅनची गरज उरत नाही. मार्फनमध्ये आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी, आणि साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये घरात आधी कोणालाच नसतं, त्यामुळे आमच्याकडे नाही कोणाला असं म्हणून सोडू नका. घरातल्या कोणा बाईला मूल हवं असेल तर तिची तपासणी दिवस राहायच्या आधी करा, नंतर नाही.

तपासणीला जाताना भावाच्या ऑपरेशनच्या नोटची झेरॉक्स बरोबर ठेवा. रूट ठेवलं की बदललं, आधी माप किती होतं, व्हॉल्व्ह तीन पडद्यांचा होता की दोनच, एवढं त्यात असतं आणि इको करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.